रजेवर ढकललेली तपासणी

ओमानात नोकरीधंद्यानिमित्त बिऱ्हाड करून राहिलेल्या मराठी कुटुंबांत, जी जी कामे चार-सहा महिने लांबली तरी चालण्यासारखी असतात, ती सारी जून-जुलैच्या रजेवर ढकलण्याचा शिरस्ता पडून गेला आहे. भारतीय शाळांना सुटी लागली, की रुवी, दारसैत, अल् खुवैर या वस्त्यांतील घरांना कुलपे लागतात, आणि तीनएक तासांच्या विमानप्रवासानंतर मुंबईस उतरलेल्या गृहिणीपुढे मुलांच्या दातांपासून घरपट्टीच्या थकबाकीपर्यंत आणि सासऱ्यांच्या मोतीबिंदूपासून नणंदेच्या लग्नापर्यंत कामांची एक लांबलचक यादी उभी असते. या यादीच्या तळाशी, बहुधा कागदावर न उतरलेली, तिच्या स्वतःच्या शरीराची एखादी तक्रार असते; आणि परतीचा दिवस जवळ आला, म्हणजे जी कामे राहून गेलेली असतात त्यांत तीही राहिलेली असते. ज्या रोगाचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला अशी दिरंगाई फार मानवते. तो आरंभी दुखत नाही, ताप आणीत नाही, भूक मारीत नाही, माणसाला घाई करावयास लावील असे काहीच करीत नाही. आणि तरीही, रोग होण्याआधी त्याला गाठावयास वर्षांमागून वर्षे मोकळी सोडणारा असा दुसरा कर्करोग विरळाच. हे त्याचे दोन्ही धर्म ज्या स्त्रीने एकाच वेळी ध्यानात घेतले, तिला या रोगासंबंधी जे कळावयास हवे त्यातले बरेचसे कळले असे मी समजतो.

गर्भाशयाची खालची निमुळती बाजू योनिमार्गात जेथे उघडते, ते गर्भाशयमुख. त्याच्या बाहेरच्या अंगावर चपट्या पेशींचे थर असतात, आतल्या मार्गाला स्तंभासारख्या उभ्या पेशींचे अस्तर असते, आणि या दोन जातींच्या पेशी जेथे भेटतात ती सरहद्द वयाप्रमाणे, बाळंतपणांप्रमाणे मागेपुढे सरकत राहते. या सरहद्दीच्या अरुंद पट्ट्यात पेशी एका रूपातून दुसऱ्या रूपात जात असतात, आणि मानवी पॅपिलोमा विषाणू आपला मुक्काम नेमका तेथेच करतो. १८४२ साली इटलीतील व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी चाळताना रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याला असे आढळले होते, की विवाहित स्त्रियांत आढळणारा हा रोग मठवासी जोगिणींत क्वचितच दिसतो. त्याचे कारण उलगडण्यास पुढे जवळजवळ दीड शतक जावे लागले: १९८३ आणि १९८४ या दोन वर्षांत जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हौझेन यांनी या विषाणूचे सोळावा आणि अठरावा हे दोन प्रकार अर्बुदांच्या पेशींत दाखवून दिले, आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील या रोगापैकी सुमारे सत्तर टक्के रोग या दोन प्रकारांमुळेच होतो.

हा विषाणू शारीरिक संबंधांतून येतो आणि बहुतेक स्त्रीपुरुषांच्या आयुष्यात तो कधी ना कधी येऊन जातो. शरीर एक-दोन वर्षांत त्याला निपटून काढते आणि कोणास पत्ताही लागत नाही. थोड्या स्त्रियांत मात्र तो चिकटून राहतो. तसा तो राहिला, तर पेशींत हळूहळू विकृती येऊ लागते, आणि या विकृतीचा कर्करोग होण्यास निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीत पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खचलेली असल्यास हीच मुदत पाच ते दहा वर्षांवर येते. धूम्रपानानेही या विकृतीला हातभार लागतो. तिसाव्या वर्षी ज्या पेशी बिघडू लागल्या, त्या पंचेचाळिसाव्या वर्षी रोग म्हणून उभ्या राहणार, असा हा संथ व्यवहार आहे.

आता ओळखण्याविषयी. रोगाच्या पूर्वावस्थेत लक्षण नसते, आणि खुद्द रोगाच्या पहिल्या टप्प्यातही कित्येकींना ते नसते. तेव्हा लक्षण दिसले म्हणजे जाऊ, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. जी लक्षणे दिसतात तीही अशी, की आमच्या घरांतील स्त्रिया ती अंगावर काढण्यात तरबेज झालेल्या असतात. संबंधानंतर रक्त दिसणे हे त्यांतले सर्वांत बोलके लक्षण. पण ते सांगावयाचे म्हणजे ज्याविषयी कधी बोललो नाही त्याविषयी बोलावे लागते, म्हणून ते गिळले जाते. दोन पाळ्यांच्या मधे लाल जाणे हे वयाच्या माथी मारले जाते. पाणचट किंवा दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे उष्णतेच्या खाती घातले जाते, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढणाऱ्या मुलखात उष्णतेचा दाखला सर्वांना लगेच पटतो. पाळी जाऊन पाच वर्षे लोटल्यावर, नातवंडाच्या बारशासाठी मस्कतला आलेल्या आजीला एके दिवशी डाग दिसतो आणि ती सुनेला सांगते, की काही नाही, जुनीच पाळी फिरून आली असेल. गेलेली पाळी अशी वर्षांनी फिरून येत नाही. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव एकदाच झाला, चमचाभर झाला, तरी तो त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञास दाखवावा. कंबर आणि ओटीपोट सतत दुखणे, एका पायाला सूज येणे, लघवी अडणे ही उशिराची लक्षणे. दुखेपर्यंत थांबलेल्या स्त्रीने पहिला टप्पा बहुधा मागे टाकलेला असतो.

स्त्रीने आपले दुखणे कोणाला दाखवावे हा प्रश्न अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच सुमारास उभा राहिला. आमच्याकडे आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून १८८६ साली वैद्यक पदवी घेऊन बाहेर पडल्या त्या याच गरजेपोटी; आणि मस्कतमध्ये सारा हॉस्मन या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरबाईंनी १९१३ साली स्त्रियांसाठी दवाखाना उघडून तेथे पाव शतकाहून अधिक काळ सेवा केली, तीही एक पाय कृत्रिम असताना. त्या काळच्या ओमानात आधुनिक वैद्यक म्हणजे मस्कत-मत्राहचे मिशन, एवढाच बहुतांशी अर्थ होता. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आल्यावर आरोग्यखात्याची उभारणी झाली. १९८५ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, ती १९९६ पासून साऱ्या लोकसंख्येची झाली. २००४ साली रॉयल हॉस्पिटलात राष्ट्रीय कर्करोग केंद्र निघाले, आणि अलीकडे सुलतान काबूस यांच्या नावाचे सर्वांगीण कर्करोग-उपचार व संशोधन केंद्रही उभे राहिले. स्वतः कर्करोगातून गेलेल्या युथार अल् रवाही या बाईंनी ओमान कॅन्सर असोसिएशनची स्थापना करून, ज्या रोगाचे नावही घरात उच्चारत नसत त्याविषयी बायकांना उघड बोलावयास लावले. या गोष्टीचे मोल मला इमारतींपेक्षा कमी वाटत नाही.

तरीही परदेशी कुटुंबाची स्थिती वेगळी आहे, आणि ती स्पष्ट समजून घेतली पाहिजे. सरकारी आरोग्यसेवेचा विनामूल्य लाभ मुख्यतः ओमानी नागरिकांसाठी असतो. आपल्या माणसांचा आधार म्हणजे खासगी दवाखाना आणि मालकाने उतरवलेला विमा, ज्यात लक्षण नसताना केलेली तपासणी पुष्कळदा बसत नाही आणि कर्करोगाच्या खर्चाला बहुधा मर्यादा असते. दुसरे असे, की ओमानी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पुढे आहे आणि गर्भाशयमुखाचा मानाने कमी. त्यामुळे घशाच्या तक्रारीसाठी आलेल्या बाईला तेथील डॉक्टर पॅप चाचणीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासण्याची, आठवण आपण होऊन करून देतीलच असे नाही. पण सांगली-सोलापुरात, रत्नागिरी-खेडमध्ये वाढलेली स्त्री मस्कतला गेली म्हणून तिचा धोका मस्कतचा होत नाही. तो ती आपल्या मुलखातून बरोबर नेते. भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १,२७,००० नवे रुग्ण आणि जवळजवळ ८०,००० मृत्यू अंदाजण्यात आले, आणि स्त्रियांच्या कर्करोगांत त्याचा क्रमांक दुसरा आहे.

हा आकडा अटळ नाही, हे जगाला ज्यांनी सप्रमाण दाखविले त्यांत महाराष्ट्रातील खेड्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो मराठी वाचकांना पुरेसा ठाऊक नाही याची मला खंत वाटते. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागातली देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, मृत्यू आणि आजार यांची विचारपूस करीत, आणि ओघाओघात अंगावरून जाण्याच्या कोणत्या तक्रारी घेऊन दवाखान्यात यावे हेही सांगत. कोणतीही चाचणी नाही, कोणतेही यंत्र नाही. तरी काही वर्षांत असे दिसून आले, की या गावांतल्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह पाडून चार गट करण्यात आले: एका गटाची विषाणूसाठी, दुसऱ्याची पेशींसाठी, तिसऱ्याची आम्लाच्या द्रावणाने अशी एकेकदाच तपासणी झाली, आणि चौथ्या गटाला त्या काळी सर्वत्र मिळे तेवढीच सेवा मिळाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. आयुष्यात एकदा, काही मिनिटांत झालेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो मला सहज बाजूला सारण्याजोगा वाटत नाही. त्या चौसष्ट जणींच्या मृत्यूंतून जे ज्ञान आले ते निदान वापरले तरी जावे, एवढे ऋण आपल्यावर राहते.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारकच्या सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग याहून साधा होता. बेताचे शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन, सौम्य ॲसेटिक आम्लाने, म्हणजे जे व्हिनेगरात असते त्याने, गर्भाशयमुख पुसून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो काय हे पाहावयास शिकविले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या, आणि या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पाळी गेलेल्या स्त्रीत मात्र ती पेशींची सरहद्द आत सरकलेली असल्याने ही पद्धत भरवशाची राहत नाही.

मस्कतच्या किंवा सलालाहच्या खासगी रुग्णालयात जी तपासणी होते ती बहुधा पॅप चाचणीची किंवा विषाणूची. पाळीच्या दिवसांत नव्हे, एवढी वेळ साधावी. स्त्री डॉक्टर हवी असल्यास नाव नोंदवतानाच तसे सांगावे, त्यात संकोचण्याचे कारण नाही. लहानशा ब्रशाने पेशी खरवडून घेण्यास मिनिटही लागत नाही. अवघडल्यासारखे होते, वेदना बहुधा होत नाही. विषाणूची चाचणी तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी, आणि नुसती पॅप असेल तर दर तीन वर्षांनी, हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींना धरून आहे. विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. पुढची पायरी कॉल्पोस्कोपीची, भिंगातून पाहण्याची. संशयास्पद जागेचा तुकडा काढून तपासावयास पाठवितात, आणि केवळ पूर्वावस्था निघाली, तर गोठवून, तापवून किंवा तारेच्या विद्युत्-वलयाने तेवढा भाग काढून टाकतात. त्याच दिवशी घरी जाता येते.

पहिल्या टप्प्याचा रोग म्हणजे जो गर्भाशयमुखाबाहेर गेलेला नाही तो. त्यातही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा, तीन मिलिमीटरपर्यंत खोल गेलेला, आणि डोळ्यांना दिसणारा, दोन किंवा चार सेंटिमीटरांचा, यांत महदंतर आहे. पहिल्या प्रकारात शंकूच्या आकाराचा तुकडा काढूनही काम भागते, आणि मूल हवे असलेल्या स्त्रीची पिशवी राखता येते. त्याहून थोड्या मोठ्या रोगातही ल्योंचे शल्यविशारद दानिएल दार्जाँ यांनी १९८७ मध्ये प्रथम केलेली शस्त्रक्रिया आहे, जीत गर्भाशयमुख काढून गर्भाशय ठेवतात. पुढे गर्भ राहिल्यास प्रसूती पोट उघडूनच करावी लागते. इतरांसाठी मूलगामी, म्हणजे गर्भाशयाबरोबर त्याच्या भोवतालचा भागही काढणारी, शस्त्रक्रिया, जिचे आद्य रूप व्हिएन्नाच्या वेर्टहाइम यांनी १८९८ साली घडविले. तिच्याविषयी एक गोष्ट रुग्णाने स्वतः विचारावी: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दुर्बिणीतून केलेल्या मूलगामी शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक निघाले. लहान टाक्यांचा मोह येथे आवरावा. दोन सेंटिमीटरांपर्यंतच्या, कमी धोक्याच्या रोगाला साधी पिशवी काढणेही पुरते, असे २०२४ सालच्या दुसऱ्या चाचणीने दाखविले आहे; तेव्हा आपला रोग नेमका किती, हा प्रश्न विचारून उत्तर कागदावर घ्यावे. एकूण पहिल्या टप्प्यात उपचार झालेल्या शंभर स्त्रियांपैकी नव्वदांच्या आसपास पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. अतिसूक्ष्म रोगात त्याहून अधिक.

काहींना शस्त्रक्रियेऐवजी किंवा तिच्यानंतर शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यावे लागतात: पाचएक आठवडे बाहेरून, त्याबरोबर बहुधा आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिनचे औषध, आणि शेवटी आतून. येथे काळाचा हिशेब एकदम उलटतो. जो रोग येण्यापूर्वी वर्षांची सवड देतो, त्याच्या शेकांचा सारा क्रम आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा लागतो, आणि मधे खंड पडल्यास गुण कमी येतो. म्हणून निम्मे उपचार मस्कतला आणि निम्मे मुंबईला अशी तजवीज करू नये. कोठे राहावयाचे, घरी स्वयंपाकपाणी कोण पाहील, विमा कोठवर पुरेल, नवऱ्याची रजा किती, मुलांची शाळा कोणी सांभाळावी, हे चार दिवस बसून ठरवावे, आणि एकदा ठरले की त्या गावचे होऊन राहावे.

उपचारानंतरच्या आयुष्याविषयी आमच्याकडे फारसे कोणी सांगत नाही. मूलगामी शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयाची जाणीव काही काळ मंदावते; लघवी लागल्याचे कळत नाही, म्हणून घड्याळ लावून जावे लागते, आणि बहुतेकींत ती पुढे सुधारते. लसिकाग्रंथी काढल्यास पाय सुजू शकतात; आवळणारे मोजे ओमानच्या उन्हात घालणे ही परीक्षाच असते, पण ती देणे भाग आहे, आणि पायाची साधी जखमही हयगय न करता धुवावी. शेकांनी अंडाशयांचे कार्य थांबते, चाळिशीच्या आतच पाळी जाते, अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात. यावर हार्मोन घेता येतील काय हे डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण पुष्कळींना ते घेता येतात आणि केवळ भीतीपोटी त्या कोरड्या दिवसांत अडकून राहतात. योनिमार्ग आखडू नये म्हणून विस्तारकाचा वापर शिकवितात. तो लाजेखातर पेटीत पडून राहिला, तर पुढची तपासणीही कठीण होते. पतिपत्नींचा सहवास डॉक्टरांच्या संमतीने पुन्हा सुरू करता येतो, आणि कर्करोग त्यातून पतीला लागत नाही.

याहून अवघड एक गोष्ट आहे. दापोली-खेडकडील कितीतरी पुरुष वर्षानुवर्षे आखातात एकटे राहतात आणि बायको गावी असते. अशा घरात हा रोग निघाला आणि तो विषाणूमुळे होतो हे कानी आले, की दोघांपैकी कोणाच्या तरी चारित्र्यावर बोट उठते. विषाणू शरीरात दहा-वीस वर्षे निद्रिस्त राहू शकतो, लग्नापूर्वीचा किंवा लग्नाच्या पहिल्या वर्षाचाही असू शकतो, आणि तो केव्हा, कोणाकडून आला हे सांगणारी चाचणी अस्तित्वात नाही. हे वाक्य डॉक्टरांनी नवऱ्यासमोर, स्पष्ट शब्दांत उच्चारावे, असा आग्रह मी धरतो. कारण उपचार पुरे झाल्यावरही कित्येक स्त्रिया ज्याने खचतात ते दुखणे हे असते.

उपचार संपले, की पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा ते बारा महिन्यांनी, आणि त्यानंतर वर्षातून एकदा दाखवावे लागते. दोन देशांत राहणाऱ्या स्त्रीने आपले दप्तर स्वतःजवळ ठेवावे: तुकड्याचा अहवाल, काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, शस्त्रक्रियेचा तपशील, शेकांची एकूण मात्रा. नऊ ते चौदा वर्षांची मुलगी घरात असेल, तर तिच्या लशीचा विचार याच भेटीत करावा. पुण्याच्या सीरम संस्थेने २०२२ साली जाहीर केलेली लस त्याच सोळाव्या आणि अठराव्या प्रकारांवर आहे. आणि तपासणीच्या दोन ठरलेल्या तारखांच्या मध्ये लाल गेले, पायाला नवी सूज आली किंवा कंबर सतत दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, ज्या गावी असाल त्या गावच्या डॉक्टरांना ते दप्तर घेऊन भेटावे.